अमावस्येचा रकाना

बुधवारी सकाळी मी अंगठा दिला नाही.

काम म्हटलं तर एवढंच होतं. नागपूरच्या जलभाकीत केंद्रात रोज सकाळी 'निर्झर' नावाचं आमचं यंत्र जिल्ह्याजिल्ह्यातल्या ओढ्यानाल्यांचा नकाशा रंगवून देतं. हिरवा नाला म्हणजे आज त्यातलं कीटकनाशक मर्यादेच्या आत, लाल म्हणजे बाहेर. ज्या नाल्यावर पाणीयोजना आहे तो हिरवा आला की त्या जिल्ह्याच्या शास्त्रज्ञाने काचेवर अंगठा टेकायचा. मग तिकडे बंधाऱ्याचं दार आपोआप उघडतं आणि गावात नळ येतात. रोज दात घासावेत तसे आम्ही अंगठे देत होतो.

हा अंगठा कायद्यात कशाला ठेवला होता तेही सांगते. यंत्रावर खटला भरता येत नाही. उद्या काही बिघडलं तर धरायला एक माणूस हवा, म्हणून अंगठा. आमच्यातलं कुणीही त्याच्याकडे अधिकार म्हणून बघत नव्हतं. मी त्या दिवशी बघितलं.

बाकीच्या नाल्यांना अंगठा दिला आणि रायमुनी नाल्यापाशी हात मागे घेतला. नाला हिरवागार दिसत होता. त्याच्यावर पिंपळदऱ्यासह तीन गावं अवलंबून. पिंपळदरा माझं माहेर.

केंद्राचे संचालक डॉ. पळसोकर स्वतः खाली आले. मला या कामात त्यांनीच आणलं. निर्झरचं गणित आम्ही दोघांनी मिळून रचलेलं, त्यामुळे आमच्यात भीडभाड कमी.

"ज्योत्स्नाबाई, रायमुनी अडकलाय. नेटवर्क गेलंय का?"

"नाही सर. मी अंगठा दिलेला नाही."

"निर्झर काय म्हणतंय?"

"हिरवा म्हणतंय."

"मग?"

"परवा पोळा झाला, सर. पोळ्याला अमावस्या असते. काल सगळ्या गावाने कपाशीवर फवारणी केली आणि संध्याकाळी नाल्याच्या माथ्यावर पाऊस पडला."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पुन्हा अमावस्या," म्हणाले.

'पुन्हा' म्हणाले, कारण हा विषय मी सहा महिने लावून धरला होता.

निर्झर काही फालतू यंत्र नाही, हे आधी सांगते. फवारलेलं कीटकनाशक पानावर पडतं, मातीवर पडतं, उन्हाने थोडं मरतं, मातीच्या कणांना थोडं चिकटतं. वरून पाऊस आला की उरलेल्यातला अगदी लहानसा वाटा पाण्याबरोबर उताराने नाल्यात येतो. तो लहानसा वाटाही मासे मारायला पुरतो, आणि माणसाला रोज थोडाथोडा मिळाला तर त्याचंही भलं करत नाही. वाळूतून गाळून, क्लोरीन टाकून तो जात नाही. आता नाल्यात तो किती आला हे कळायचं कसं? पूर्वी महिन्यातून एकदा बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवायचे. पण पावसानंतर नाल्यात विष वाढतं ते काही तासांपुरतं. आज आलं आणि उद्या सकाळी गेलं, आणि आमचा बाटलीवाला यायचा पुढच्या मंगळवारी. सगळं आलबेल असल्याचा अहवाल घेऊन तो परत जायचा.

म्हणून भाकीत. जमीन, उतार, पाऊस, कोणत्या तालुक्यात कोणतं औषध किती विकलं गेलं, हे सगळं निर्झरला खाऊ घातलं की ते प्रत्येक नाल्याचा रोजचा आकडा सांगतं. सांगतं ते पुष्कळदा बरोबर असतं. इतकं बरोबर, की कायदा बदलला आणि बाटल्या बंद झाल्या. भाकितात जो नाला सुरक्षित, त्याचा नमुना घ्यायचा नाही. खर्च कशाला?

एकच गोष्ट निर्झरला कधीच ठाऊक नव्हती. शेतकरी नेमका कोणत्या दिवशी फवारतो? ते कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून आम्ही हंगामातली एकूण फवारणी साऱ्या दिवसांवर सारखी वाटून टाकली. आज याने फवारलं, उद्या त्याने. पाठीवरच्या पंपांचा काळ होता तोवर हे खपून गेलं. माझ्या वडिलांना चार एकर फवारायला दोन दिवस लागायचे आणि सगळं गाव उरकायला आठवडा. आता ड्रोन आले. एक ड्रोनवाला सकाळी गावात शिरतो आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत अख्खं शिवार उरकून पुढच्या गावाला जातो. महिनाभर रोज दोनचार पाहुणे जेवून जाणं वेगळं आणि सगळे एकाच पंगतीला येऊन बसणं वेगळं. निर्झर अजून दोनचार पाहुण्यांचाच स्वयंपाक करत होतं.

आणि ही पंगत बसते कधी, हे आमच्याकडच्या कपाशीवाल्या कोणत्याही घरात विचारा. अमावस्येच्या पाठोपाठ. बोंडअळीचा पतंग अंधाऱ्या रात्री अंडी घालतो. अळी अंड्यातून निघून बोंडात शिरायच्या आत तिला गाठायची, तर अमावस्या झाल्यावर एकदोन दिवसांत फवारणी हवी. कृषी खातंही हेच सांगतं. यात देवाधर्माचा काही संबंध नाही.

मी तांत्रिक समितीला सांगितलं, निर्झरमध्ये आणखी एक रकाना घाला आणि त्याला नाव द्या 'अमावस्या'. समितीच्या अध्यक्षांना हसू आवरेना. "आता मुहूर्तही काढून देणार का आपण?" एकाने विचारलं, ग्रहणाचा रकाना केव्हा घालताय. दुसऱ्याने शुद्ध मराठीत अंधश्रद्धा निर्मूलनावर भाषण दिलं. पळसोकर सरांनी माझी बाजू घ्यायची सोडून कोटी केली, "नाव ज्योत्स्ना आणि नाद अमावस्येचा." सगळे खुश झाले. चहा आला. माझा विषय पुढच्या बैठकीवर गेला, आणि पुढच्या बैठकीत त्याच्या पुढच्या.

त्याहून मोठा वैताग पुढे होता. ही बातमी कुठून तरी बाहेर फुटली आणि प्राचीन पंचांग-विज्ञान परिषद नावाच्या मंडळींनी मला सत्काराला बोलावलं. शाल, श्रीफळ, 'आधुनिक यंत्राला पंचांगाची दृष्टी देणाऱ्या विदुषी'. मी व्यासपीठावर उभी राहून सांगितलं की चंद्राचा कपाशीवर परिणाम होतो असं मी म्हटलेलं नाही. अंधाराचा पतंगावर होतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा माणसावर होतो, एवढंच माझं म्हणणं. शाल माझ्या खांद्यावर यायची ती पुन्हा पिशवीत गेली. नारळ मात्र कुणीतरी घाईत आधीच हातात दिला होता, तो मी घरी नेऊन फोडला.

असा सगळा इतिहास त्या बुधवारच्या मागे होता.

"तुमच्याकडे पुरावा काय?" पळसोकर सरांनी विचारलं.

"पुरावा बाटलीत असतो. बाटल्या आपण बंद केल्या."

"तीन गावं पाण्यावाचून आहेत, ज्योत्स्नाबाई. घरोघरी पोळ्याचे पाहुणे असतील. सचिवांचा फोन येऊन गेला."

"सर, नियमाप्रमाणे जिल्ह्याच्या शास्त्रज्ञाऐवजी संचालकांचा अंगठाही चालतो." मी खुर्चीवरून उठले. "बसा. नाला हिरवा आहे. द्या अंगठा."

ते खुर्चीत बसले. पडद्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. ज्या यंत्रावर त्यांनी वीस वर्षं घालवली, ते यंत्र पाणी चांगलं आहे असं सांगत होतं. त्यांचा हात टेबलापर्यंत आला आणि तिथून खिशात गेला. खिशातून रुमाल निघाला.

"टँकर पाठवायला सांगतो," ते म्हणाले. "उद्यापर्यंतच. आणि कारणे दाखवा नोटीस तुम्हाला मिळेल."

मला त्यांचा राग आला नाही असं नाही. चांगलाच आला. समितीत हसणाऱ्या माणसाला पिंपळदऱ्याचं पाणी आपल्या अंगठ्याने सोडवेना. मी पिशवीत तपकिरी काचेच्या नमुन्याच्या बाटल्या भरल्या आणि गाडी काढली.

वर्धा मागे पडलं आणि रोशनचा फोन आला. रोशन माझा धाकटा भाऊ. घरची शेती तोच करतो, आणि मी केंद्रात मोठी साहेब आहे याचा गावात माझ्यापेक्षा त्यालाच जास्त अभिमान.

"ताई, नळ कायले बंद हाये? तुमच्या हापिसातून बंद केला म्हनते ग्रामसेवक."

"मी बंद केला."



"तू? घरात पाहुने हायेत. गावात बोंबाबोंब चालली. अन् मी लोकायले काय सांगू, माह्याच बहिनीनं पानी तोडलं?"

"काल औषध मारलंस का?"

"मारलं ना. अमावस्या झाली परवा. नाही मारीन तं काय पाहत बसू?"

"बाकीच्यांनी?"

"साऱ्यायनं. दहा वाजता ड्रोनवाला मोकळा झाला."

"मग संध्याकाळच्या पावसात ते सगळं नाल्यात आलंय, रोशन. तुझं औषध तुझ्याच नळाला येणार होतं."

"तुमची मशीन तं चांगलं हाये म्हनते."

"मशीनला पोळा माहीत नाही."

त्याने फोन ठेवला. आम्ही औषध म्हणतो त्याला. रोपाला औषध, कपाशीला औषध. लहानपणापासून जिभेवर बसलेला शब्द, मलाही फोनवर दुसरा सुचला नाही.

पिंपळदऱ्यात पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. ग्रामपंचायतीसमोर रिकाम्या भांड्यांची रांग होती आणि टँकर यायचा होता. लोक मला लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे शिव्या थेट न देता आडून दिल्या. पोरगी शिकली अन् गावाच्याच मुळावर आली, असं एक आजी दुसरीला सांगत होत्या, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी नमस्कार केला आणि नाल्याकडे निघाले. मागून रोशन आला. बाटल्यांची पिशवी त्याने माझ्या हातातून घेतली.

नाला गढूळ, निम्मा उतरलेला. मी पाण्यात उतरून मधल्या धारेतून बाटल्या भरल्या. पुराचा जोर सकाळीच ओसरला होता. म्हणजे विषाचा मुख्य लोंढाही गेला होता, मला उशीर झाला होता. आता जे काही बाटलीत येईल ते शेपूट असणार. ते मर्यादेच्या खाली निघालं असतं तर माझी नोकरी तर गेलीच असती, पण त्यानंतर अमावस्येचं नाव या कामात कुणी पुन्हा काढलं नसतं. दर महिन्याला त्या दोन दिवसांत तीन गावं हिरव्या रंगाच्या भरवशावर पाणी पीत राहिली असती. काठावर उभी असताना मला हीच भीती वाटत होती, आणि ती नोकरीच्या भीतीपेक्षा मोठी होती.

"समज, तू खरी निघाली," रोशन काठावरून म्हणाला. "मंग काय करतीन हे लोक? अमावस्येले फवारनी बंद. हुकूम काढाले काय लागते त्यायले. अळी एकदा बोंडात शिरली का वरून कितीबी मारा, तिले काही होत नाही. वर्साचं पीक जाते, ताई."

"सगळ्यांची बंद करायची गरज नाही. पाऊस येणार असेल तेव्हाच, आणि नाल्याकाठच्या वावरांनीच थांबायचं. वरच्या शेतातलं औषध इथवर येईपर्यंत मातीत मुरतं. निर्झरला दिवस कळला तर ते एकेक वावर वेगळं सांगू शकतं."

"हे तुह्या हातात हाये?"

"नाही. पण मी भांडेन."

 तो पिशवी उचलून चालायला लागला. ग्रामपंचायतीसमोर टँकर आला होता आणि त्याच्यापेक्षा जास्त गर्दी सरपंचांभोवती झाली होती. नागपूरला मोर्चा न्यायचं चाललं होतं. रोशन सरळ त्या गर्दीत शिरला.

"पानी माह्या बहिनीनं नाही तोडलं," तो म्हणाला. त्याचा आवाज मुळातच मोठा आहे. "काल मी मारलं. तुमीबी मारलं. सांजेले पानी पडलं अन् ते सारं नाल्यात गेलं. हे साऱ्यायले ठाऊक हाये. ठाऊक असून आपन नळाखाली हंडे लावतो. तिनं फक्त तोंडानं म्हटलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक टँकरकडे वळले. पण मोर्च्याचा विषय तिथेच थांबला. मला त्या क्षणी भावाचा इतका अभिमान वाटला की नागपूरपर्यंत गाडी चालवताना मी एकटीच हसत होते.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून निकाल आला तो माझ्या अंदाजाच्या निम्मा. शेपूटच हाती लागलं होतं. तरीही तो कायद्याच्या मर्यादेच्या सहापट निघाला. निर्झरने त्या दिवशीचा आकडा सांगितला होता मर्यादेच्या पावपट.

कारणे दाखवा नोटिशीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. समितीची तातडीची बैठक बसली. अध्यक्ष आता हसत नव्हते, उलट फार गोड बोलत होते.

"तुमचा मुद्दा समितीला तत्त्वतः मान्य आहे," ते म्हणाले. "फक्त नावाचं बघावं लागेल. हे सगळं आपल्याला दिल्लीत मांडायचंय, परदेशात मांडायचंय. अमावस्या बरं दिसत नाही. आपण 'चांद्रप्रकाश निर्देशांक' घेऊ. उपग्रहावरून रात्रीचा उजेड मोजतातच. अंधाऱ्या रात्रीनंतर फवारणी, तुमचंच तर म्हणणं आहे."

पळसोकर सर माझ्याकडे पाहून मान हलवत होते. घ्या म्हणून. शब्दाचाच तर प्रश्न आहे.

शब्दाचा प्रश्न नव्हता. "श्रावणात आमच्याकडे आभाळ किती दिवस असतं, हे तुमच्या उपग्रहाला विचारा," मी म्हणाले. "पंधरा पंधरा दिवस रात्री काळ्याकुट्ट. तुमच्या निर्देशांकाला त्या सगळ्या अंधाऱ्याच दिसणार. मग ते यंत्र फवारणी पुन्हा पंधरा दिवसांवर वाटून टाकेल आणि नाला पुन्हा हिरवा. शेतकरी वर बघून फवारत नाही हो. तो स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला लावलेलं कॅलेंडर बघतो. आभाळ असो नसो, कॅलेंडरवर काळा गोळा छापलेला असतो. आपल्याला चंद्र मोजायचा नाही. माणूस मोजायचाय."

"पण नाव तरी..."

"नाव तेच राहील. उद्या मी इथे नसेन. माझ्या जागी येणाऱ्याला तुमचा निर्देशांक दिसला तर तो त्यात उजेड भरेल. अमावस्या दिसली तर कॅलेंडर बघेल."

"तुम्ही फार हटवादी आहात," अध्यक्ष म्हणाले.

"आहे. दोन्ही करून बघा. दोन निर्झर चालवा आणि माझ्या बाटलीशी ताडून बघा. आणि जोवर बघत नाही तोवर दर अमावस्येनंतर पाऊस पडला की माझा अंगठा मिळणार नाही. ज्याला द्यायचाय त्याने द्यावा. गेल्या खेपेला खुर्ची रिकामी करून दिली होती."

पळसोकर सर खाली बघायला लागले. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

दोन्ही करून बघितलं. निर्देशांकाच्या निर्झरला पोळ्यानंतरचा रायमुनी हिरवा दिसला. अमावस्येच्या निर्झरला लाल दिसला, आणि आकडा बाटलीच्या आकड्याला अगदी लागून आला. रकाना घातला गेला. दिल्लीला जो अहवाल गेला त्यात इतर सगळे रकाने इंग्रजीत आहेत आणि मध्येच एक देवनागरीत आहे. पळसोकर सरांनी तो तसाच ठेवला. ही त्यांची माफी होती असं मी धरून चालले आहे.

आता खरी गोष्ट सांगते. इथवर मी जिंकत होते, जिंकताना सगळ्यांनाच शूर वाटतं.

सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी निर्झरने नव्या पद्धतीने पहिला नकाशा काढला. परतीचा पाऊस चालून येत होता. रायमुनीच्या काठची बारा वावरं लाल, म्हणजे त्यांनी पाऊस जाईपर्यंत फवारायचं नाही; बाकी सगळ्या शिवाराला फवारणीची मोकळीक. बाराच. मी नाल्याकाठी रोशनला जे बोलले होते तेच अक्षरशः पडद्यावर उतरलं होतं. त्या बारांमधलं सगळ्यात खालचं, बंधाऱ्याला लागून असलेलं वावर रोशनचं होतं. वडिलांनी ते पाण्याजवळ म्हणून हौसेने घेतलं होतं.

संध्याकाळी फोन आलाच.

"ताई, मले थांबाचा निरोप आला. चार दिवस."

"हो. पाऊस जाईपर्यंत."

"पतंग लय झाले यंदा. सापळ्यात रोज मूठमूठ भरते. चार दिवसांत अळी बोंडात जाते, तुले सांगाले पाह्यजे का?"

"नाही."

"माहं एक वावर हिरवं कर. एकच. एका वावरानं काय नाला भरते?"

ते खरं होतं. एका वावराने फारसा फरक पडला नसता. हे गणित माझंच होतं, आणि एका वावराचा त्यातला वाटा मला बसल्या जागी सांगता आला असता. पण त्या दिवशी बाराजणांनी बारा फोन कुणाला ना कुणाला केले असतील, आणि त्या प्रत्येकाचंही एकच वावर होतं.

"नाही होणार, रोशन."

"होनार नाही का करनार नाही?"

"करणार नाही."

"गावासमोर मी उभा राहिलो होतो तुह्यासाठी."

"माहीत आहे मला."

"मंग दिवाळीले येऊ नको," तो म्हणाला. "भाऊबीजेलेबी नको."

मला रडू आलं. ते त्याला कळू दिलं नाही, आणि वावरही हिरवं केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्याने मनाई मोडून फवारलं, तसं रोशनलाही करता आलं असतं. पकडायला कोण जाणार होतं? तो थांबला. हे मला त्याच्या बायकोने, पल्लवीने, नंतर सांगितलं. चारही दिवस तो पावसात बांधावर जाऊन बसायचा.

सर्वपित्रीनंतरच्या त्या चार दिवसांत आम्ही पुन्हा बाटल्या भरल्या. नाल्याचं पाणी मर्यादेच्या आत राहिलं. तीन गावांचे नळ एक दिवसही बंद झाले नाहीत. अंगठा मीच दिला. वर्तमानपत्रात लहानशी बातमी आली, तीत केंद्राचं नाव होतं. बारा वावरांचं कुणी काही लिहिलं नाही. मी भरपाईचा प्रस्ताव पाठवला तो शेरे मारून घेत टेबलाटेबलांवरून फिरतो आहे, आणि मीही त्याच्या मागे फिरते आहे.

भाऊबीजेला मी गेले. येऊ नको म्हटलेल्या घरी जायचं तर भर दिवसा आणि समोरच्या दाराने जायचं, असं मी ठरवलं होतं. पल्लवीने दार उघडलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, वावरात आहे. मी ताटात निरांजन, कुंकू, सुपारी घेतली, ताट पदराखाली झाकलं आणि बंधाऱ्याच्या वाटेने निघाले. वाटेत भेटलेल्यांनी बघितलं. बघू दिलं.

वेचणी चालू होती. वरच्या अंगाच्या शेतांत पांढराशुभ्र कापूस फुटलेला. रोशनच्या वावरात निम्मी बोंडं अर्धवट उकललेली, आत कवडी झालेला पिवळट कापूस, अळीने खाऊन चिकटून गेलेला. तो वाकून वेचत होता. मला पाहून सरळ झाला, पण जागचा हलला नाही.

"बस," मी म्हणाले.

"इथं?"

"इथंच."

तो बांधावर बसला. वारा होता, निरांजन दोनदा विझलं. तिसऱ्यांदा त्यानेच दोन्ही हातांचा आडोसा धरला. मी कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने खिशात हात घातला नाही. शेजारच्या झाडाची दोन किडकी बोंडं तोडली आणि माझ्या ताटात टाकली.

"हे घे ओवाळनी," म्हणाला. "यंदा हेच पिकलं."

मी ती उचलून पदराच्या टोकाला बांधली. एकातून लहानशी गुलाबी अळी बाहेर आली, तिला बोटाने झटकलं.  

"मले वाटलं माफी मागाले आली," रोशन म्हणाला.

"नाही. आणि पुढच्या वेळी पाऊस असला तर पुन्हा थांबवीन."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. लहानपणी भांडणात मी हटले नाही की तो असाच बघायचा. मग पोत्याचं तोंड आवळलं, ते खांद्यावर टाकलं आणि घराच्या वाटेला लागला. चार पावलं गेल्यावर मागे न बघताच बोलला.

"जेवून जाजो. पल्लवीनं तुह्याही वाटचं टाकलं हाये."